पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका : उतारवयात मान, दोन्ही खांदे, दंड, कंबर व मांड्या यांत होणाऱ्या आणि सकाळी विशेष तीव्र असणाऱ्या वेदना व ताठरपणा ही प्रमुख लक्षणे असलेला शोथजन्य (दाहयुक्त सुजेमुळे होणारा) विकार. ‘अनेक स्नायूंतील संधिवाती वेदना’ असा या नावाचा अर्थ असला, तरी स्नायू स्वतः निरोगी असतात. शोथ मुख्यत्वे खांद्याच्या व खुब्याच्या सांध्यांच्या आतील अस्तरात आणि त्यांच्या भोवतालच्या द्रवयुक्त पिशव्यांत असतो. स्टेरॉइड औषधाने काही दिवसांतच आराम पडतो. परंतु ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करीत नेणे हाच चिकित्सेचा अवघड भाग होय.

इतिहास : विल्यम ब्रूस या स्कॉटिश वैद्यांनी १८८८ मध्ये या विकाराचे वर्णन प्रथम केले. सध्याचे नाव एच्. एस्. बार्बर यांनी १९५७ मध्ये सुचविले. तत्पूर्वी, अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असणाऱ्या ग्रंथींच्या) बाह्यकातील हॉर्मोनांवरील संशोधनाबद्दल फिलिप हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. या संशोधनामुळेच पुढे या विकारावर परिणामकारक उपाय उपलब्ध झाला.

लक्षणे : हा विकार पन्नाशीपूर्वी सहसा होत नाही, सत्तरी ते ऐंशीच्या दरम्यान त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. स्त्रियांत तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. उत्तर यूरोपीय वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण जास्त, तर आशियाई लोकांत कमी आहे. वेदना थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंस पसरतात. सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून अधिक टिकतो. केस विंचरणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, जमिनीवरून उठणे ही साधी कामे कठीण होतात. रात्री कुशीवर वळताना कळ येऊन झोपमोड होते. थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे व वजन घटणे ही लक्षणेही आढळतात.

कारण अज्ञात आहे. इंटरल्यूकिन–६ या शोथकारक प्रथिनाचे रक्तातील प्रमाण वाढलेले असते. ते पहाटेच्या सुमारास अधिक चढत असल्याने पहाटे व सकाळी त्रास वाढतो, असे मानतात.

निदान : निश्चित निदान करणारी एकच अशी परीक्षा नाही. तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग (नळीत उभ्या ठेवलेल्या रक्तातील कोशिका खाली बसण्याचा वेग) व सी–प्रतिक्रियाशील प्रथिन ही बहुधा वाढलेली असतात; स्नायूंतील एंझाइमांचे प्रमाण मात्र प्राकृत (सर्वसाधारण) असते. संधिवाताभ संधिशोथ, अवटू ग्रंथीची न्यूनता, ड जीवनसत्त्वाची त्रुटी, कोलेस्टेरॉल घटविणाऱ्या औषधांचा दुष्परिणाम, जंतुसंसर्ग व कर्करोग यांपासून व्यवच्छेदक निदान करावे लागते.

काही रुग्णांत कानशिलाच्या व इतर मोठ्या रोहिण्यांचा शोथ याच विकाराबरोबर असतो. नवी डोकेदुखी, डोक्याची त्वचा हुळहुळणे, चावताना जबडा दुखणे किंवा क्षणभर दिसेनासे होणे, यांपैकी काहीही उद्भवल्यास त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. विलंब झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. अशा वेळी स्टेरॉइडाची मात्रा पुष्कळच मोठी लागते.

चिकित्सा : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय व अमेरिकी संधिवाततज्ञांच्या संयुक्त शिफारशींनुसार प्रेडनिसोलोन प्रतिदिनी १२·५ ते २५ मिग्रॅ. या मात्रेत सुरू करतात. चार ते आठ आठवड्यांत मात्रा १० मिग्रॅ. पर्यंत आणतात व त्यानंतर दर चार आठवड्यांनी १ मिग्रॅ. कमी करतात. म्हणजे १० मिग्रॅ. पासून शून्यावर येण्यास किमान ४० आठवडे लागतात. प्रत्यक्षात अनेकांना एक ते दोन वर्षे, काहींना त्याहूनही अधिक काळ औषध घ्यावे लागते.

हा संथपणा दोन कारणांनी आवश्यक असतो. एक, १५ मिग्रॅ. मधून १ मिग्रॅ. वजा केल्यास पंधरावा हिस्सा कमी होतो, तर ४ मिग्रॅ. मधून तेवढेच वजा केल्यास चौथा हिस्सा कमी होतो. म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत जड जातात. दुसरे, बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे हॉर्मोन तयार करणे मंदावतात व त्यांना पूर्ववत होण्यास महिने लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद केल्यास तीव्र अशक्तपणा, वांत्या व रक्तदाब घसरणे असा जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. ताप, अपघात वा शस्त्रक्रिया यांच्या वेळी मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, म्हणून आपण हे औषध घेत आहोत हे रुग्णाने प्रत्येक वैद्यास सांगावे. [⟶ अधिवृक्क ग्रंथि].

मात्रा घटविल्यावर सर्वांगात ठणका व थकवा येऊन काही दिवसांत ओसरल्यास तो बहुधा औषध कमी झाल्याचा परिणाम असतो. खांद्यांचा व मांड्यांचा मूळचा सकाळचा ताठरपणा परतला व टिकला, तर तो विकाराचा उलटाव समजतात. अशा वेळी उलटावापूर्वीच्या मात्रेवर परत जाऊन पुन्हा सावकाश उतरतात. वारंवार उलटाव होणाऱ्यांस मेथोट्रेक्सेट देतात. इंटरल्यूकिन–६ चे कार्य रोखणाऱ्या सॅरिल्युमॅब या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली.

दीर्घकाळच्या स्टेरॉइडाने हाडे विरळ होणे, मधुमेह, रक्तदाब व मोतीबिंदू हे दोष संभवतात. त्यामुळे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देतात आणि रक्तशर्करा तपासत राहतात. सुप्त क्षयरोग जागृत होण्याचा धोका असल्याने भारतात त्याची आधी चौकशी करणे विशेष अगत्याचे आहे.

निद्रा : दिवसाची संपूर्ण मात्रा सकाळी न्याहारीनंतर एकदम घेणे इष्ट, संध्याकाळच्या मात्रेने झोप उडते. मात्रा ५ मिग्रॅ. च्या खाली उतरल्यावर रात्रीच्या वेदना प्रबळ असतील, तरच वैद्य ती विभागून देतात. जमिनीवरील अंथरुणाऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग सोयीचा असतो. कुशीवर निजताना वरचा हात छातीजवळच्या उशीवर टेकवावा व गुडघ्यांमध्ये दुसरी उशी ठेवावी, म्हणजे खांदा व खुबा यांवरील ताण कमी होतो. उठताना गुडघे दुमडून खांदे व कंबर एकदमच वळवावीत, पाय पलंगाखाली सोडावेत व हाताने रेटा देऊन बसावे. सकाळी ऊन पाण्याने स्नान व हलक्या हालचाली केल्यास ताठरपणा लवकर सैल होतो. रात्री किती वेळा जाग आली व सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकला याची दैनिक नोंद ठेवल्यास पुढील मात्रा ठरविताना वैद्यास तिचा उपयोग होतो.

विकार बहुतेकांत कालांतराने शमतो व तो सांधे विद्रूप करीत नाही.