एक डोळा मागे पडतो तेव्हा

वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यातल्या एखाद्या अंगणवाडीत मूल चित्रं ओळखतं, पळतं, खेळतं. त्याचा एक डोळा नीट पाहत नाही हे आईलाही कळत नाही, कारण दुसरा चांगला डोळा सगळं निभावून नेतो. हाच तो ‘आळशी डोळा’, म्हणजे ॲम्ब्लायोपिया. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतला मोठा फरक किंवा जन्मजात मोतीबिंदू यामुळे एका डोळ्याकडून मेंदूला अस्पष्ट चित्र मिळत राहतं आणि मेंदू ते बाजूला सारायला शिकतो.

प्रश्न फक्त धूसर दिसण्याचा नाही. सुटं अक्षर वाचता येतं, पण ओळीत शेजारी अक्षरं आली की त्या डोळ्याला ती एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. एकदम दाखवलेल्या वस्तू मोजताना काही सुटतात, म्हणजे लक्ष देण्याची क्षमताही कमी पडते. दोन्ही डोळे उघडे असतानाही वाचन संथ होतं. खोलीचा अंदाज चुकल्याने चेंडू झेलणं, मणी ओवणं, पेल्यात पाणी ओतणं अवघड जातं. अशा मुलाला ‘वेंधळा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात, त्यात दृष्टीही असते. खासगी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी मात्र स्वतःहून नेत्रतज्ज्ञांकडे जावं. उपचार आधी चष्म्याचा. मग गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, बहुतेकदा दोन ते सहा. सात वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण अधिक येतो. त्यानंतरही काही मुलांची नजर सुधारते.