अ‍ॅक्सोलॉटलच्या टँकसाठी कोणता फिल्टर घ्यावा? पाणी स्वच्छ दिसतं, पण ते सुरक्षित आहे का?

२०२१ साली माइनक्राफ्ट गेममध्ये अ‍ॅक्सोलॉटल आला आणि "आपण पण पाळूया ना" असा हट्ट बऱ्याच घरांत सुरू झाला. डोक्याच्या बाजूला पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखा चेहरा, त्यामुळे कोणालाही आवडेल असाच हा प्राणी आहे. पण तो मासा नाही. तो सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर. त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीजवळचे सोचिमिल्कोचे कालवे.

बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले गळतात आणि ते पाण्याबाहेर येतं. अ‍ॅक्सोलॉटल मात्र जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. म्हणजे पाणी बिघडलं तर त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. नीट सांभाळला तर तो १० ते १५ वर्षं जगतो, पण फिल्टरबाबत चूक झाली तर काही आठवड्यांतही दगावू शकतो.

फिल्टरचं खरं काम काय?

फिल्टर म्हणजे पाण्यातली घाण गाळणारी जाळी, असं आपल्याला वाटतं. ते त्याचं दुय्यम काम आहे.

अ‍ॅक्सोलॉटल मांसाहारी आहे. गांडुळं खातो आणि भरपूर घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनियाला रंग नसतो, म्हणून पाणी काचेसारखं दिसत असतानाही ते विषारी असू शकतं.

हा अमोनिया संपवतात जिवाणू. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, पण तेही विषारीच. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या तुकड्यांवर चिकटून राहतात. म्हणजे फिल्टर ही गाळणी कमी आणि जिवाणूंची चाळ जास्त!

कोणता फिल्टर घ्यायचा?

अ‍ॅक्सोलॉटल संथ पाण्यातला प्राणी आहे. पाण्याचा जोराचा झोत सतत अंगावर आला की तो ताणाखाली येतो आणि खाणं सोडतो. म्हणून जिवाणूंना जागा भरपूर आणि प्रवाह मंद, अशी जोडी हवी.

- स्पंज फिल्टर: एअर पंपाचे बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी स्पंजमधून ओढून घेतात. प्रवाह अगदी सौम्य असतो. स्वस्त आणि नवशिक्यांसाठी उत्तम. एका प्राण्याला निदान ७५ लिटरचा टँक लागतो, आणि त्यात दोन स्पंज लावले तर एक धुताना दुसरा चालू राहतो.
- कॅनिस्टर फिल्टर: टँकबाहेर ठेवायचा बंद डबा. यात जिवाणूंना जागा जास्त मिळते, पण झोत जोरदार असतो. पाणी बारीक भोकांच्या स्प्रे बारमधून सोडा आणि भोकं काचेकडे वळवा.
- टँकच्या काठावर अडकवायचा फिल्टर: चालतो, पण वरून पडणाऱ्या धारेखाली स्पंजचा तुकडा लावून जोर मोडावा लागतो.

आधी फिल्टर, मग प्राणी

नवीन फिल्टरमध्ये जिवाणू नसतातच. ते वाढायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. या प्रक्रियेला 'सायकलिंग' म्हणतात.

१. टँक भरा, अँटी-क्लोरीन टाका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं.
२. फिल्टर चालू करून साधारण २ पीपीएम अमोनिया होईल इतकं अमोनियम क्लोराइड घाला.
३. लिक्विड टेस्ट किटने पाणी तपासत राहा.
४. घातलेला अमोनिया २४ तासांत संपून नायट्राइटही ० दिसलं, की सायकल पूर्ण. मग बरंचसं पाणी बदला आणि प्राणी आणा.

प्राणी येण्याआधी पाणी २५ अंशांच्या आसपास असलं तर जिवाणू लवकर वाढतात. नंतर मात्र थंडावा हवा. प्राणी आल्यावर अमोनिया ०, नायट्राइट ० आणि नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा कमी ठेवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही आधी तपासा. शेतीच्या भागात खतांमुळे त्यात नायट्रेट आधीच असू शकतं.

आपल्याकडची अडचण: उष्णता आणि वीज

अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश पाणी लागतं. २४ अंशांच्या वर फार काळ राहिलं तर तो आजारी पडतो. शिवाय पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. फिल्टर पाणी थंड करत नाही. टँकवर लावलेला पंखा बाष्पीभवनाने काही अंश कमी करतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्याचा फायदा फारसा होत नाही. नागपूर किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात चिलर लागणारच असं धरून बजेट करा. कॅनिस्टरचं पाणी थेट चिलरमधून फिरवता येतं, स्पंज फिल्टरला त्यासाठी वेगळा पंप लागतो.

वीज गेली की फिल्टरमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. बंद कॅनिस्टरमध्ये हा धोका जास्त. छोटा एअर पंप जेमतेम काही वॅट घेतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर जोडा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येईल.

स्पंज नळाखाली धुऊ नका

नळाखाली स्पंज धुतला की क्लोरीनमुळे जिवाणू मरतात आणि सायकल पुन्हा पहिल्यापासून. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो हलकेच पिळा. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. उरलेलं खाणं आणि विष्ठा रोजच्या रोज काढा. तळाशी खडी टाकू नका, कारण तो ती गिळतो.

कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक मुडपलेलं किंवा खाणं बंद दिसलं तर आधी पाणी तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं, तर प्राण्याला थंड, क्लोरीनमुक्त पाण्याच्या वेगळ्या टबमध्ये हलवा. ते पाणी रोज पूर्ण बदला आणि टँक ठीक होईपर्यंत त्याला तिथेच ठेवा.

शेवटी कायद्याचं. अ‍ॅक्सोलॉटल साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा. कागद नसतील तर तिथून घेऊ नका.