आरोग्यविषयक मोबाइल अ‍ॅप्स आणि औषध कायदा : काही अडचणी

प्रकृतीपरीक्षण करणे, आहार सांगणे, लक्षणांवरून औषध सुचविणे ही कामे आता मोबाइलवरील अ‍ॅप्स करू लागली आहेत. मार्केट यार्ड परिसरातील औषधालयांतही पडद्यावरील नाव दाखवून औषध मागणारे ग्राहक येतात. या अ‍ॅप्सवर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाचा ऊहापोह आम्ही येथे करीत आहोत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा मुख्यत्वे वस्तूचे नियमन करतो. उत्पादनाचा परवाना, घटकद्रव्ये, लेबल यांची तपासणी त्यान्वये होते. अ‍ॅप मात्र औषध बनवीत नाही. ते सल्ला देते. केंद्र शासनाच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने निदान वा उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांत गणले जाऊ लागले. तथापि ते कशासाठी आहे, हे प्रामुख्याने निर्मात्याच्या कथनावरून ठरते. 'केवळ माहितीसाठी' असे लिहून अनेकजण या कक्षेबाहेर राहू पाहतात.

आयुर्वेदाच्या बाबतीत ही सीमारेषा अधिकच सूक्ष्म आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या 'देश का प्रकृती परीक्षण' अभियानात स्वयंसेवकांच्या साहाय्याने अ‍ॅपद्वारे प्रकृतीपरीक्षण झाले. प्रकृती म्हणजे व्याधी नव्हे. ती जाणून घेणे हे स्वास्थ्यरक्षणाचे अंग आहे. परंतु तशाच प्रश्नावलीअखेर एखाद्या खासगी अ‍ॅपने 'आपला वात वाढला आहे, अमुक औषध घ्या' असे सांगितले, की ते विकृतीचे निदान व चिकित्सा ठरते. प्रश्न तेच राहतात, हेतू बदलतो. शिवाय अ‍ॅपचा निर्माता परराज्यात वा परदेशात असू शकतो, आणि आज तपासलेले अ‍ॅप उद्याच्या सुधारित आवृत्तीत निराळेच उत्तर देऊ शकते.

यातील धोका काल्पनिक नाही. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगुळ आहेत. आरोग्यवर्धिनीत पारद आहे. ही द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये असल्याने, पोटात घेण्याच्या अशा औषधांच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. रुग्ण गर्भिणी आहे काय, त्यास वृक्कविकार आहे काय, हे विचारल्याविनाच अ‍ॅपने औषध सुचविले, तर त्या सूचनेचा उद्देशच विफल होतो. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस या कायद्यान्वये विक्री परवाना लागत नाही. परिणामी अ‍ॅप आणि रुग्ण यांच्यामध्ये विचारपूस करणारा शेवटचा मनुष्य बहुधा औषधविक्रेताच असतो.

म्हणून आम्ही सुचवितो, की ई(१) द्रव्ययुक्त औषध केवळ पडदा पाहून देऊ नये. वैद्याची चिठ्ठी मागावी, ती नसल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. वैद्यांनी अ‍ॅपचा निष्कर्ष रुग्णाच्या पूर्ववृत्तात नोंदवावा, पण नाडी, जिव्हा, अग्नी, कोष्ठ यांची परीक्षा स्वतः करावी; अ‍ॅपच्या सल्ल्याने कोणती औषधे सुरू आहेत, हेही आवर्जून विचारावे. 'मधुमेह समूळ बरा करतो' यासारख्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. त्या आढळल्यास मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'आयुष सुरक्षा' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. अ‍ॅप्ससाठी सुस्पष्ट नियम होतील तेव्हा होतील. तोवर ही दक्षता आपल्या हाती आहे.