घोषणेचे व्याकरण : ‘सह’ आणि ‘च’

राजकीय घोषणा केवळ नादावर चालते, असा समज आहे. १८४० च्या अमेरिकी निवडणुकीतील ‘टिप्पेकॅनू अँड टायलर टू’ या गीतघोषणेस तो बव्हंशी लागू पडतो. टिप्पेकॅनू म्हणजे १८११ च्या त्या लढाईचा सेनानी हॅरिसन. ‘टायलरही’ म्हणजे त्याचा जोडीदार. घोषणेत क्रियापद नाही, मागणी नाही. आहे तो ‘ट’काराचा अनुप्रास. पुढे १८४१ मध्ये हॅरिसन निवर्तला व ‘ही’पुरता आलेला टायलर अध्यक्ष झाला.

संयुक्त महाराष्ट्र समितीची घोषणा निराळ्या जातीची होय. पुण्यात १९५६ साली स्थापन झालेल्या या समितीने १९५७ ची निवडणूक ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या मागणीवर लढविली. येथे सारा भार दोन लहान अव्ययांवर आहे. ‘सह’ने मुंबई ही अट ठरते, ‘च’ तडजोडीस वाव ठेवीत नाही. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’चे कर्मणि रूप असल्याने वाक्यात कर्ता उरत नाही. ‘द्या’ म्हटले असते, तर देणारा वरचढ ठरला असता.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत हीच मागणी विरहाचे रूप घेते.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव बाहेर राहिले. सीमाभागात पुढे ‘सह’पूर्वी बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे आली. ‘झाला’ हे रूप भूतकाळाचे. तेथे मात्र ते अद्यापि इच्छाच सांगते.