हात उगारणारा नवरा सुधारतो काय?

पत्नीवर हात उगारणाऱ्या पुरुषाला शिकवून सुधारता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता नीतीचा वाटतो. परंतु तो तितकाच पडताळ्याचाही आहे. अमेरिकेत अशा पुरुषांना न्यायालयाच्या हुकुमाने सुधारवर्गात पाठविण्याची प्रथा १९८० नंतर रूढ झाली. मिनेसोटा राज्यातील डुलूथ शहरी आखलेली पद्धत त्यांत सर्वांत प्रसिद्ध होय. मारहाण हा केवळ रागाचा झटका नसून पत्नीला धाकात ठेवण्याचे साधन आहे, हे तिचे मूलतत्त्व. आठवड्यातून एकदा पुरुषांचा गट जमतो आणि प्रत्येकाला आपल्या वर्तनाचा जाब स्वतःच द्यावा लागतो.

हे वर्ग गुणकारी आहेत, हे ठरवावे कसे? आरंभी हिशेब सोपा असे. वर्ग पुरा करणाऱ्यांची तुलना मध्येच सोडून जाणाऱ्यांशी करावयाची. पुऱ्या करणाऱ्यांत पुन्हा मारहाण करणारे थोडे निघत, आणि वर्गाचा जयजयकार होई. पण श्रोतेहो, कच्ची मुले शाळा सोडून गेल्यावर एखाद्या शिक्षकाने उरलेल्यांचा निकाल आपल्या अध्यापनाचा प्रताप म्हणून मिरवावा, तसाच हा प्रकार! नेटाने वर्गास जाणारा पुरुष बहुधा नोकरीत टिकलेला, घरदार असलेला असतो. तो कदाचित वर्गावाचूनही सावरला असता.

म्हणून संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात ४०४ दोषी पुरुषांवर वर्षभर सरकारी देखरेख होती. त्यांपैकी काहींना शिवाय २६ आठवड्यांचा वर्ग लावला. वर्ष सरले तेव्हा दोन्ही गटांत पुन्हा अटक झालेल्यांचे प्रमाण शेकडा २४ भरले! सॅन डिएगो येथील नौदलातील ८६१ जोडप्यांत निरनिराळे उपाय योजून पाहिले, तेथेही लक्षणीय फरक पडला नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ३७६ पुरुषांपैकी काहींना ४० तासांचे शिक्षण, तर काहींना ४० तासांची समाजसेवा दिली. तेच तास २६ आठवड्यांत विभागले, तेव्हा तक्रारी घटल्या. ८ आठवड्यांत आटोपले, तेव्हा तसे दिसले नाही. मात्र पुरुषांच्या विचारांत पालट आढळला नाही. यावरून संशोधकांनी अनुमान काढले की, वर्ग चालू असेतोवर पुरुष हात आवरतो. मन पालटते, असे नव्हे.

या मोजमापालाही मर्यादा आहेत. पोलिसांच्या दप्तरी पोहोचते ती घरातील हिंसेची केवळ सावली. खरी साक्ष पत्नीची. पण ती घर सोडून गेलेली असते, किंवा भयाने मौन धरते.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण या उत्तरावर एका स्त्रीचा जीव टांगलेला असतो. नवरा उपचार घेऊ लागला, एवढ्या आशेवर आश्रयगृहातील पुष्कळ स्त्रिया घरी परततात, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. वर्ग पोकळ असेल, तर ती आशाच तिचा घात करील.

आपल्याकडेही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतो. तेव्हा धडा उघड आहे. हजेरीपटावरील सही हा सुधारणेचा पुरावा नव्हे. वर्ग जरूर चालवावेत, त्यांची कसोटीही घ्यावी. परंतु देखरेख सैल करू नये, आणि पत्नीच्या सुरक्षिततेची तजवीज नवऱ्याच्या प्रगतीवर सोपवू नये. तो सुधारला की नाही, हे प्रमाणपत्राने नव्हे, तर घरातील तिच्या निर्धास्त वावराने ठरावे.