पाणी भरपूर प्या, पण पारखून प्या

उन्हाळा लागला की जो भेटेल तो सांगतो, भरपूर पाणी प्या. सल्ला खरा आहे. आमच्या वणीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात शेतात किंवा कोळशाच्या खाणीवर राबणाऱ्याचं अंग घामानं निथळतं. गेलेलं पाणी भरून निघालं नाही तर डोकं दुखतं, लघवी कमी आणि गडद होते, किडनीवर ताण येतो, मूतखड्याचा धोका वाढतो. तहान उशिरा लागते. म्हातारपणी तर ती लवकर जाणवतही नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहावं. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतं आहे असं समजावं. फार घाम गेला तर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्यावं. हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

आपल्या भागात मात्र एवढ्यावर भागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा आणि झरी जामणीच्या बाजूला, कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातून पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम चालतं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त असलं की लहान मुलांच्या घडणाऱ्या दातांवर डाग पडतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात, कंबर वाकते. लोक म्हणतात, वय झालं. वाकलेली कंबर मग औषधानं सरळ होत नाही.

पेच असा, की ऊन जितकं जास्त तितकं पाणी जास्त लागतं, आणि त्याबरोबर फ्लोराइडही जास्त जातं. म्हणून पाणी कमी पिऊ नये. पाण्याची जागा बदलावी. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत शोधली. पण त्यांचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरतं. घरी अंदाजानं करू नये. सोपा मार्ग एकच. पिण्याला आणि स्वयंपाकाला तपासलेलं पाणी वापरा, बोअरचं पाणी धुण्याभांड्याला ठेवा.

मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण पाणी पाजण्याचं मोल आम्ही सगळेच जाणतो. कुणी उन्हाळ्यात पाणपोई लावतो, कुणी मोहरमला सबील. पुण्य म्हणा, सवाब म्हणा, गोष्ट एकच. तेव्हा रांजण भरण्याआधी विचारा, हे पाणी कुठलं? आणि येत्या ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या बोअरच्या पाण्याची फ्लोराइडची तपासणी झाली का, आणि अहवाल कुठं आहे?