प्रोग्रॅम चालला, पण दगड कुठे पडला?

सांगलीत विश्रामबागला दोन जुनी महाविद्यालयं आहेत : १९१९ साली स्थापन झालेलं विलिंग्डन आणि १९४७ मध्ये सुरू झालेलं वालचंद अभियांत्रिकी. दहावी-बारावीनंतर आपल्या घरांतली मुलं-मुली मोठ्या उमेदीने अशा महाविद्यालयांत जातात. भौतिकशास्त्राच्या अभ्यासात आता संगणकही आला आहे आणि काही महिन्यांत एखादी मुलगी घरी येऊन सांगते, “अम्मी, फिजिक्स माझ्याच्यानं होणार नाही.” पण अडलेलं असतं ते फिजिक्स नव्हेच.

शिक्षकांचा मकसद चांगला असतो. समजा, उंचावरून दगड सोडला. दोन सेकंदांत तो किती खाली येईल? गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरलं, तर सूत्राने उत्तर येतं २० मीटर. संगणकाला मात्र आपण वेळेचे तुकडे पाडायला लावतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा वेग तेवढ्यापुरता कायम धरायचा आणि अंतरांची बेरीज करायची. एकेक सेकंदाचे तुकडे केले तर उत्तर १० मीटर, अर्ध्या सेकंदाचे केले तर १५, सेकंदाच्या दहाव्या भागाचे केले तर १९. तुकडा जितका लहान, तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ. हवेच्या विरोधामुळे सोपं सूत्र पुरत नाही, तिथे हीच रीत कामाला येते.

विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येतं? एक कंस राहतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ येते. ती सोडवता सोडवता तास संपतो. मग शेजारच्याचा प्रोग्रॅम उतरवून वहीत १९ लिहिलं जातं. उरलेला एक मीटर कुठे गेला, हे विचारायचं राहूनच जातं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढे तर फिजिक्स, इंग्रजी आणि पायथन अशा तीन भाषा एकदम उभ्या राहतात.

यावर उपाय साधा आहे. संगणक उघडण्याआधी पहिले दोन टप्पे वहीत करावेत. पहिल्या सेकंदाच्या सुरुवातीला वेग शून्य, म्हणून अंतरही शून्य. म्हणजे दगड सेकंदभर हवेतच लटकला! मुलं हसतात आणि चूक कुठून येते ते त्यांना तिथेच कळतं.

पालकांना प्रोग्रॅम येत नसला तरी हरकत नाही. “प्रोग्रॅम चालला का?” याऐवजी “उत्तर किती आलं आणि तेवढंच का आलं?” असं विचारा. विषय बदलण्याच्या अर्जावर सही करण्याआधी हा छोटा हिशेब मुलीकडून वहीत एकदा करवून घ्या.